जाताना दहा तास, येताना नऊ!

प्रश्न : मुलीकडे लंडनला जायचं आहे. मुंबईहून जायला दहा तास, परतायला नऊ. अंतर तेच, मग हा फरक कसा?

उत्तर : दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पण साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ‘जेट स्ट्रीम’ हे वेगवान वारे वाहतात. जाताना ते विमानाला समोरून अडवतात, येताना मागून रेटतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक. शिवाय तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी एकला निघून तिथे संध्याकाळी साडेपाचला उतरलात, तरी प्रवास दहा तासांचाच! लेकीला मात्र तिथलीच वेळ कळवा.