आपल्याच भाषेतला परमुलूख

परक्या संस्कृतीत रुळण्याचा विचार मराठीत बहुधा परदेशी गेलेल्यांच्या संदर्भात होतो. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी कुटुंबांचे अनुभव दिवाळी अंकांतून नेमाने वाचायला मिळतात. परंतु लातूर, नांदेड, परभणी, बीड या जिल्ह्यांतून पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात येणाऱ्या तरुणालाही परक्या संस्कृतीला तोंड द्यावे लागते, ही गोष्ट ना त्याच्या घरच्यांच्या ध्यानात येते, ना त्याच्या स्वतःच्या, कारण राज्य तेच, भाषा तीच आणि देवही तेच. प्रस्तुत लेखक याच वाटेने या पट्ट्यात आलेला असल्यामुळे पुढील विवेचनात निरीक्षणाबरोबर अनुभवाचाही भाग आहे, आणि परकेपणाची अपेक्षा नसते तिथे तो अधिक जाचतो, हे त्या अनुभवाचे सार आहे.

कायद्यानेही हीच समजूत जपली आहे. एका राज्यात भरती होऊन दुसऱ्या राज्यात कामाला जाणारा तोच स्थलांतरित, असे १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मानले, आणि २०२० च्या कामगार संहितेतही ‘आंतरराज्य’ ही अट राहिलीच. त्यामुळे बिदरहून आलेला मुलगा स्थलांतरित ठरू शकतो, पण सीमेच्या अलीकडे असलेल्या उदगीरहून आलेला ठरत नाही, मग ते दोघे चाकणजवळच्या महाळुंग्याच्या एकाच खोलीत राहत असले तरी. जर्मनीहून किंवा कोरियाहून येणाऱ्या तंत्रज्ञासाठी घर, गाडी, दुभाष्या अशी सोय लावण्याची रीत आहे, कारण तो परका आहे हे सर्वांना मान्य असते. उदगीरच्या मुलाला मात्र कुणी परका समजत नाही, फक्त त्याच्या ‘करायलोय’ची नक्कल करतात.

ओळखीच्या खाणाखुणा एकाएकी नाहीशा झाल्याने येणाऱ्या अस्वस्थतेला समाजशास्त्रात ‘सांस्कृतिक धक्का’ म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात तिच्या अवस्था सांगितल्या: आधी नवलाई, मग वैताग, मग सावरणे आणि शेवटी रुळणे. चाकणमध्ये यांपैकी नवलाईची अवस्था फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि त्याचे कारण मनापेक्षा पगाराच्या तारखेत अधिक सापडते. एका महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत, आणि मोठ्या कारखान्यात दहा तारखेपर्यंत द्यावे, असा १९३६ च्या वेतन कायद्याचा दंडक होता आणि तीच चाल पडली आहे. म्हणजे महिन्याच्या पाच तारखेला कामाला लागलेल्याच्या हाती पहिला पैसा सुमारे पाच आठवड्यांनी पडतो, तर खोलीचे डिपॉझिट, मेसचा आगाऊ भरणा आणि सेफ्टी शूज यांचा खर्च पहिल्या दोन-चार दिवसांतच उभा राहतो. या आठवड्यांत जो उसनवारीत अडकतो त्याला पुढे वर्षभर गाव, शहर, सहकारी सगळेच वैरी भासू लागतात. म्हणून येणाऱ्याने दीड महिन्याच्या जेवणाखाण्याची आणि भाड्याची तजवीज घरूनच करून यावे, आणि काम लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या हातावर त्यातला एक रुपयाही ठेवू नये.

या पट्ट्याला बाहेरची माणसे नवी नाहीत. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ टेल्को आणि बजाज, आणि सातारा-सांगलीपासून केरळपर्यंतची माणसे इथे येऊन स्थिरावली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने भूखंड पाडले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. त्या पिढीतल्या अनेकांनाही त्रास झालाच असणार. पण त्यांच्यापाशी कायम नोकरी, संघटना आणि मुख्य म्हणजे वेळ होता. आजच्या कंत्राटी कामगाराकडे नेमका तोच नाही. औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांतील २४० दिवसांचे काम वर्षभराच्या सलग सेवेइतके धरले, म्हणून तो आकडा गाठण्यापूर्वीच कामगाराला काही काळ घरी बसवण्याचा प्रघात पडला, ज्याला इथे ‘ब्रेक’ म्हणतात. सात महिन्यांत माणूस लाइन शिकतो, चहाच्या टपरीवर त्याची उधारी सुरू होते, शेजारच्या खोलीतल्या ओडिया मुलाचे जेवण त्याला आवडू लागते, आणि ब्रेक मिळताच हे सगळे पुन्हा पहिल्यापासून, बहुधा दुसऱ्याच गावात. रुळण्यातले अपयश स्वभावाच्या माथी मारणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

कारखान्यातले घड्याळ ही दुसरी परकी गोष्ट. शेतीच्या कामाची वेळ काम ठरवते, कारखान्यात मात्र वेळच कामावर हुकमत चालवते, हा फरक इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ च्या एका प्रसिद्ध निबंधात उलगडला आहे, आणि चाकणमध्ये तो दर आठवड्याला पाळी बदलते तेव्हा अंगावर येतो. एका खोलीत तीन पाळ्यांची माणसे राहतात तेव्हा एकाची पहाट ही दुसऱ्याची रात्र असते. अशा खोलीत पाणी कोणी भरायचे, दिवा कधी लावायचा आणि फोनवर बोलायला बाहेर जायचे की नाही, हे पहिल्याच रविवारी ठरवून घेतले नाही तर भांडण ठरलेले. याच कारखान्यातला आनंदही मात्र खरा आहे. जपानहून आलेली पाच ‘एस’ची पद्धत, म्हणजे नको ते काढणे, हवे ते जागच्या जागी ठेवणे, स्वच्छता, त्यातली एकसारखी रीत आणि शिस्त, सुरुवातीला जाच वाटते, पण वर्षभरात पाने अंधारातही हाताला लागतात याचे सुख ज्याने घेतले आहे, तो गावी गेल्यावर गोठ्यातल्या दोऱ्याही खुंटीला लावू लागतो.

खरी कसोटी सणाला लागते. पोळा मराठवाड्यात श्रावण अमावास्येला होतो, तर पुणे जिल्ह्याच्या बऱ्याच गावांत भाद्रपद अमावास्येला; म्हणजे ज्या दिवशी घरी बैल सजतात त्या दिवशी खोलीमालकाच्या गोठ्यात काहीच नसते. त्याहून अवघड येळवस. मार्गशीर्षातली ही वेळ अमावास्या लातूर-धाराशिवकडे दिवाळीइतकी मोठी: शेतात कडब्याची खोप करून पांडवांची पूजा मांडायची, आणि भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर असे जेवण सगेसोयरे बोलावून करायचे. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. चाकणमध्ये तो कामाचा दिवस असतो, आणि लाइनवरच्या सुपरवायझरला बहुधा असा सण असतो हेही ठाऊक नसते. न सांगता गावी जाणारे पुष्कळ, आणि परतल्यावर आपल्या जागी दुसरा माणूस उभा दिसला तर कंत्राटदाराला शिव्या घालणारेही पुष्कळ. प्रस्तुत लेखकाबरोबरच्या तिघांना एका कंत्राटदाराने असेच गेटवरून परत पाठवले होते. त्यात कंत्राटदाराची निष्ठुरता होती यात शंका नाही, पण सणाची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. ती दिवाळीपूर्वीच लेखी कळवून, बदल्यात दसऱ्याची किंवा रविवारची पाळी करायची तयारी दाखवली तर चारांतल्या दोघांना तरी सुट्टी मिळते असा अनुभव आहे. उरलेल्या दोघांनी आंबील खोलीवर करावी. ज्वारीचे पीठ आणि घरचे ताक-मसाले ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतातच, आणि एका खोलीत केलेली भज्जी संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळते, त्यात बिहारचे आणि बुलढाण्याचेही आले.

आळंदीचा आनंद वेगळाच आहे. चाकणहून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर असलेल्या आळंदीत ज्येष्ठ वद्यात पालखीच्या प्रस्थानासाठी मराठवाड्यातल्या दिंड्या उतरतात, आणि तिसऱ्या पाळीवरून सुटलेला मुलगा इंद्रायणीकाठी आपल्या गावच्या दिंडीचा ट्रक शोधत फिरतो. तिथे त्याला गावचे वृत्त मिळते, आजीने पाठवलेले पिठले-भाकरीचे गाठोडे मिळते, आणि इथल्या रस्त्यांचा जाणकार म्हणून वडीलधाऱ्यांकडून प्रथमच मान मिळतो.

काही रूक्ष गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. भविष्यनिर्वाह निधीसाठी कामगाराच्या वेतनातून १२ टक्के कापले जातात, आणि त्याचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच असावा लागतो. कंत्राटदार बदलताना जुना क्रमांक दिला नाही तर नवा निघतो आणि पैसे दोन खात्यांत अडकतात. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्यासाठी (ईएसआय) पाऊण टक्का कापला जातो, तरी चिंचवडच्या मोहननगरात त्यासाठीचे रुग्णालय आहे हे ठाऊक नसल्याने अनेकजण खासगी दवाखान्यात पैसे ओततात. पगाराची पावती, भाडेकरार आणि गेटपास यांचे फोटो काढून घरच्या एखाद्या माणसाच्या फोनवर ठेवावेत, कारण वाद होतो तेव्हा खोली आणि फोन दोन्ही हातचे गेलेले असू शकतात.

या शहरात मराठवाड्याच्या नावाने मंडळे आहेत, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, स्नेहमेळावे होतात, सत्कार होतात. त्या मंडळांनी उन्हाळ्यानंतर नवी मुले येतात त्या दोन महिन्यांत वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर आणि चाकणच्या चौकात एक टेबल मांडून बसावे, खोलीचे रास्त भाडे, यूएएन, रुग्णालय आणि पगाराची तारीख या चार गोष्टी उतरलेल्या प्रत्येकाला सांगाव्यात, आणि सत्काराच्या शालींचे पैसे एक वर्ष त्याकडे वळवावेत.