सर्वांना उमजणारे संकेतस्थळ

शासकीय योजनांचे अर्ज, परीक्षांचे निकाल, जमिनीचे उतारे व विविध दाखले आता संकेतस्थळांवरून मिळू लागले आहेत. ही सोय खरोखर सर्वांची झाली आहे काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे. पायऱ्या चढू न शकणाऱ्यांसाठी कार्यालयाच्या दाराशी रॅम्प असावा, हे आता सर्वमान्य झाले आहे. परंतु ज्यांना वाचलेले चटकन उमगत नाही, लक्षात राहत नाही किंवा ज्यांचे अवधान फार वेळ टिकत नाही, त्यांची वाट कोणी सुकर करावयाची?

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता अथवा वार्धक्यातील स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींची अडचण वरकरणी दिसत नाही. म्हणूनच ती दुर्लक्षित राहते. समजा, असा एक तरुण अर्थसाहाय्याचा अर्ज भरीत आहे. पहिल्या पानावर लिहिलेला पत्ता तिसऱ्या पानावर पुन्हा विचारला जातो. मग वेडीवाकडी अक्षरे ओळखावयाची असतात. तेवढ्यात वेळ संपते व भरलेले सारे पुसले जाते. तो हताश होऊन उठतो आणि हक्काच्या साहाय्यास मुकतो. येथे दोष त्याच्या बुद्धीचा नसून पानाच्या रचनेचा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ अन्वये इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर दिव्यांगांना सुगम होईल अशी व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. डिजिटल सेवांची उपलब्धता हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात म्हटले आहे.

हे साधण्याचे मार्ग अवघड नाहीत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील पुढील बाबी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत :

(१) एकदा दिलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा लिहावयास लावू नये.

(२) प्रवेश देताना स्मरणशक्तीची वा कोड्याची परीक्षा घेऊ नये. दुसरा सोपा पर्याय ठेवावा.

(३) मदतीचा दूरध्वनी क्रमांक पानोपानी एकाच ठिकाणी असावा.

(४) वेळेची मर्यादा असल्यास ती संपण्यापूर्वी सूचना द्यावी व ती वाढविण्यास किमान २० सेकंद द्यावेत.

यांइतकेच महत्त्व भाषेला आहे. ‘उपरोक्त दस्तऐवज विहित मुदतीत सादर न केल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही,’ असे आपण सवयीने लिहितो. यात दोन नकार आहेत. कोणते दस्तऐवज आणि कोणती मुदत, हे मात्र नाही. त्याऐवजी ‘ही ३ कागदपत्रे जोडा. शेवटची तारीख ३१ मार्च आहे,’ असे लिहावे. सोपे लिहिल्याने शासनाची प्रतिष्ठा उणावत नाही.

नवा अर्ज संकेतस्थळावर ठेवण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी तो अशा दोघा-तिघांकडून भरवून पाहावा. ते कोठे अडतात, हे न टोकता पाहावे व टिपून ठेवावे. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या आणि ग्रामस्थांनी घरच्या वृद्धांच्या अडचणी संबंधित कार्यालयास लेखी कळवाव्यात. जेथे अशी व्यक्ती अडली, तेथे पानात दुरुस्ती करावी. पुन्हा तिच्याकडूनच अर्ज भरवावा. तो तिला कोणाच्या मदतीवाचून पूर्ण करता आला, म्हणजे ते पान लोकांसाठी सिद्ध झाले असे समजावे.