माथेफिरू सगळीकडे, मग गोळीबार तिथेच का?

प्रश्न : माझी मुलगी टेक्ससमध्ये राहते. नातू दुसरीत आहे. शाळेत दिवे मालवून, दार आतून बंद करून सगळ्यांना कोपऱ्यात गप्प बसवतात, तो सराव असतो, असं तो फोनवर सहज सांगतो. ऐकून माझ्याच पोटात गोळा येतो. एवढे गोळीबार होऊनही तिथे बंदुकांवर बंदी का येत नाही? जावई म्हणतात, दोष बंदुकीचा नाही, माणसाचा. हे कितपत खरं? आणि आपल्याकडे काय नियम आहेत?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आधी तुमच्या जावयांचा मुद्दा घेऊ, कारण सगळा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

१४ डिसेंबर २०१२ या एकाच दिवशी दोन देशांतल्या दोन प्राथमिक शाळांवर हल्ले झाले. चीनच्या हनान प्रांतात चेनपेंग गावच्या शाळेत एक माणूस सुरा घेऊन घुसला. वीसहून अधिक मुलं जखमी झाली, पण एकही दगावलं नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत वीस वर्षांचा तरुण आईची रायफल घेऊन शिरला. काही मिनिटांत २० मुलं आणि शाळेतल्या ६ जणी ठार झाल्या. आईने ती रायफल कायदेशीरपणे विकत घेतली होती.

म्हणजे जावई निम्मे बरोबर आहेत. शाळेवर चालून जाण्याची विकृती माणसाच्या डोक्यातच असते आणि ती कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही. फ्रान्समध्ये नीस शहरात २०१६ मध्ये एकाने गर्दीत ट्रक घालून ८६ जणांचे जीव घेतले, तेव्हा बंदूक नसली म्हणजे संहार होतच नाही, असंही नाही. पण अशा बहुतेक हल्ल्यांत किती जण घरी परत जाणार, हे हातातल्या हत्यारावर ठरतं.

मग माणूस तसा का वागतो? ‘वेडा होता’ हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत आणि असे आजार युरोपातही तितकेच आहेत. व्हिडिओ गेमवर खापर फोडावं, तर जपानी मुलं गेम खेळण्यात कुणाला हार जाणार नाहीत, पण तिथे गोळीबार नगण्य आहेत. हल्लेखोरांचा अभ्यास करणाऱ्यांना काही खुणा मात्र पुन्हा पुन्हा दिसतात: मनात साचलेला डूख, नोकरी किंवा नातं तुटल्याचा ताजा घाव, स्वतःच्याच जिवावर उदार होणं आणि आधीच्या हल्लेखोरांचं आकर्षण. या शेवटच्या कारणामुळेच २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा बळी गेल्यावर न्यूझीलंडच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचं नावही न घेण्याचं ठरवलं. आणखी एक गोष्ट: शाळांवर हल्ले करणारे बहुतेक जण आधी कुणाजवळ तरी बोललेले असतात. ऐकणारा ‘बोलतोय झालं’ म्हणून सोडून देतो.

आता बंदीचं. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये झालेली दुसरी दुरुस्ती लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य करते. तिच्यात नागरी सेनेचाही उल्लेख आहे, त्यामुळे हा हक्क सेनेपुरता की प्रत्येक नागरिकाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. २००८ मध्ये ‘हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरवला. त्यामुळे सरसकट बंदी घटना बदलल्याशिवाय शक्य नाही. नियम मात्र करता येतात, असं त्याच निकालात म्हटलं आहे.

नियमांची गाडी अडते ती सिनेटमध्ये. सँडी हूकनंतर २०१३ मध्ये गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी जास्त विक्रींना लागू करणाऱ्या प्रस्तावाला ५४ मतं पडली. पुढे सरकायला ६० हवी होती. तुमच्या मुलीच्या टेक्ससमध्ये युवाल्डी गावच्या शाळेत २०२२ मध्ये १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोराने अठरावं वर्ष लागताच काही दिवसांत दोन रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या. त्यानंतर कुठे एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकांची जास्त कसून तपासणी करणारा केंद्रीय कायदा झाला. शिवाय २०१८ च्या एका अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. उद्या कायदा झाला, तरी या बंदुका घराघरांत राहणारच.

इतरांनी कसं जमवलं? ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर इथे २८ एप्रिल १९९६ रोजी ३५ माणसं मारली गेली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या विचारांचे, नुकतेच निवडून आलेले. बंदूक बाळगणारे शेतकरी त्यांच्याच आघाडीचे मतदार. तरी दोन आठवड्यांच्या आत त्यांनी सर्व राज्यांना एका करारावर आणलं. संतापलेल्या बंदूकधारकांच्या एका सभेत ते कोटाखाली बुलेटप्रूफ जाकीट घालून बोलले. सरकारने पैसे मोजून सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या आणि नष्ट केल्या. ‘स्वसंरक्षण’ हे कारण तिथे परवान्यासाठी चालत नाही. टीकाकार म्हणतात, बंदुकीने होणारे मृत्यू तिथे आधीपासूनच घटत होते. ते खरं आहे. पण पोर्ट आर्थरसारखा प्रकार पुढे कित्येक वर्षं घडला नाही, हेही खरं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या सणात गोळीबार होऊन १५ जण गेले, तेव्हा सरकारने नियम आणखी कडक करायचं ठरवलं. कायदा एकदा करून हात झटकता येत नाहीत.

आणि कायदा पुस्तकात असून भागत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांचा जीव गेला. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती, मूळचे तामिळनाडूचे एक प्राध्यापकही होते. मारेकरी विद्यार्थ्यापासून त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका आहे, असं ठरवून न्यायालयाने सव्वा वर्षापूर्वीच त्याला मानसोपचार घ्यायला सांगितलं होतं. केंद्रीय कायद्यानुसार अशा माणसाला बंदूक विकता येत नाही. पण न्यायालयाचा तो आदेश तपासणीच्या संगणकापर्यंत पोहोचलाच नाही. दोन्ही वेळा तपासणीत त्याच्या नावावर काही निघालं नाही आणि दोन पिस्तुलं त्याच्या हाती पडली. कायदा होता, चोख होता, पण एक कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला नाही.

आपल्याकडे हा हक्क घटनेत नाही. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्यांना सूट दिली, म्हणून काँग्रेसचा त्यावर राग होता. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती बारगळली. आज १९५९ चा कायदा लागू आहे. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, तोही पोलीस चौकशीनंतर. २०१९ पासून एका परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. आपलं खरं दुखणं बिनपरवान्याच्या गावठी कट्ट्याचं आहे. आपल्याकडे बंदुकीने होणारे बहुतेक खून बेकायदा शस्त्रांनी होतात.

आता नातवाकडे येऊ. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. बातम्यांत गाजणाऱ्या सामूहिक गोळीबारांचा वाटा फार लहान आहे. खरा धोका घरात, कपाटात, उशाशी ठेवलेल्या भरलेल्या बंदुकीचा आहे. ती क्षणभर हाताला लागली नाही, तरी जीव वाचतो. इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये सुटीवर जाणाऱ्या सैनिकांना रायफल घरी न्यायला मनाई केली आणि तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. माणसं तीच होती, त्यांची दुःखंही तीच होती.

तेव्हा जावयांशी वाद घालत बसू नका. मुलीला एवढंच सांगा, की नातू ज्या मित्राकडे खेळायला जातो, त्या घरी बंदूक आहे का आणि असली तर कुलपात असते का, हे त्याच्या आईवडिलांना आधीच विचारायचं. आपल्याला ते अवघड वाटतं, पण तिथले मुलांचे डॉक्टरच पालकांना असं विचारायला सांगतात. शाळेतल्या सरावाची काळजी करण्यापेक्षा हा एक प्रश्न तुमच्या नातवाच्या जास्त उपयोगी पडेल.