सोसणे व पुन्हा उतरणे

लांब पल्ल्याच्या पोहण्यात हातांच्या बळाइतकेच सोसण्याचे बळही लागते. हा पाठ आपण कलकत्त्याच्या आरती साहा ह्यांच्या उदाहरणावरून शिकू.

फ्रान्स व इंग्लंड ह्यांमधील इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद जागी सुमारे २१ मैल रुंद आहे. परंतु भरती-ओहोटीचा ओघ पोहणाऱ्यास बाजूला ओढतो, म्हणून अंतर पुष्कळ वाढते. सोबत नाव असते, पण तिचा आधार घेतला की प्रयत्न रद्द होतो. अन्नही पाण्यात राहूनच घ्यावे लागते.

२७ ऑगस्ट १९५९ रोजी आरतीबाईंचा पहिला प्रयत्न फसला. ३३ दिवसांनी, २९ सप्टेंबर रोजी, त्या त्याच थंड पाण्यात पुन्हा उतरल्या व १६ तास २० मिनिटांनी पैलतीरास लागल्या. ही खाडी पोहून जाणाऱ्या त्या आशियातील पहिल्या स्त्री होत.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात घेऊ.

पहिली ही की, थंडी, मळमळ व खांद्यांचा ठणका येणारच असे धरून जो निघतो, तो ती आली असता गडबडत नाही. दूरचा तीर न शोधता तो पुढचे अन्न मिळेपर्यंतचेच पोहणे मनात धरतो.

दुसरी ही की, अंग गारठून भान हरपू लागल्यास नावेवरील माणसांचे ऐकून बाहेर येण्यात लाज नाही. त्रास सोसावा, पण धोका ओळखावा. फसलेला दिवसही शिकवितो: ओघ कोठे ओढतो व आपले बळ कोठे सरते, हे त्याच दिवशी कळते.

आपण अर्ध्यावर सोडलेले कोणते काम पुन्हा हाती घेण्याजोगे आहे, ह्याचा प्रत्येकाने विचार करावा.