बिलियर्डच्या टेबलाची बनात : पारख, ताण व निगा

धान्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या मनुष्याने बिलियर्डच्या टेबलावरील कापडाविषयी लिहावे, याचे पुष्कळांस नवल वाटेल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते ज्वारी-तुरीच्या पोत्यांत. तथापि मंडळाचा खजिनदार म्हणून या कापडाने मला जो धडा दिला, तो व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून तो येथे सादर करीत आहे.

बेल्लमपल्ली, मंदमर्री हा कोळशाच्या खाणींचा पट्टा २०१६ पर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून तो मंचेरियाल जिल्ह्यात मोडतो. त्या बाजूच्या एका जुन्या क्लबाचे टेबल विक्रीस निघाले, तेव्हा आमच्या मंडळाने ते वाचनालयाच्या मागील दालनासाठी घेतले. मुलांनी सायंकाळी कोठेतरी भटकण्यापेक्षा वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली खेळावे, हा हेतू. हा खेळ आपणांस परका आहे असेही नाही. स्नूकर हा त्याचा प्रकार १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला. आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास व १९६४ साली न्यूझीलंडमध्ये बिलियर्डचे हौशी जागतिक अजिंक्यपद मिळविले.

टेबलाचा सांगाडा भक्कम होता, पण कापड जीर्ण झालेले. मी काटकसर करावी म्हणून एका दुकानातून "शुद्ध लोकर" म्हणून सांगितलेले हिरवे कापड स्वस्तात आणले आणि गावच्याच सुताराकडून ते ठोकून घेतले. महिनाभरात चेंडू सरळ जाईनासे झाले, चार महिन्यांत मधल्या खिशापाशी कापड फाटले. सभासदांत कुजबुज सुरू झाली की, खजिनदाराने मध्ये काही खाल्ले. चाळीस वर्षे ज्याच्या तराजूवर कोणी बोट ठेवले नाही, त्यास ते शब्द किती झोंबले असतील, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

अखेर हैदराबादहून एक वृद्ध मिस्त्री बोलाविले. सर्वजण त्यांस चाचा म्हणत. त्यांनी कापडाचा एक धागा उपटून काडीने पेटविला. धागा वितळून त्याची काळी, कठीण गुठळी झाली. चाचा हसून म्हणाले, "सेठ, जवारी को परखी मारके लेते, कपडे को कायकू नै मारे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढील माहिती बहुतांशी त्यांच्याच हाताखाली राहून मिळविलेली आहे.

कापडाची जात

या कापडास आपल्या जुन्या भाषेत बनात म्हणावे. नमदा आणि बनात यांत पुष्कळ जण घोटाळा करतात. नमदा हा लोकर दाबून केलेला थर असतो. त्यात सूत नसते, म्हणून तो ताणला की विरतो. बनात ही सूत कातून, ताण्या-बाण्याने मागावर विणलेली असते. विणल्यावर ती ओली करून घोटतात, त्यामुळे ती आटून घट्ट होते; नंतर तिचे तंतू वर काढून एकसारखे कातरतात. या तंतूंच्या थरास लव म्हणतात. इंग्लंडातील स्ट्राउड हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे.

लव असलेले कापड बिलियर्ड व स्नूकर यांस लागते. पूल नावाच्या लहान टेबलाच्या खेळास बहुधा बिनलवेचे, गुळगुळीत कापड वापरतात. त्यावर चेंडू अधिक वेगाने धावतो. बेल्जममधील व्हर्विये या गावी अशा कापडाचा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. टिकाऊपणासाठी लोकरीत थोडे नायलॉन मिसळतात, त्यात फसवणूक नाही. मात्र विकणाऱ्याने ते प्रमाण सांगितले पाहिजे.

पारख

पहिली परीक्षा अग्नीची. लोकरीचा धागा जळताना केसांसारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळून गुठळी होते. मिश्र कापडात दोन्ही लक्षणे दिसतील. दुसरी परीक्षा उजेडाची: कापड खिडकीसमोर धरावे, वीण कोठे विरळ, कोठे दाट दिसल्यास ते परत करावे. तिसरी हाताची: तळहात एका दिशेने फिरविला असता मऊ लागले आणि उलट फिरविला असता किंचित अडले, म्हणजे लवेची दिशा कळली. चौथी तराजूची: ठरावीक मापाचा तुकडा तोलून वजन बोलल्याप्रमाणे भरते की नाही, ते पाहावे. धान्याचा नमुना आपण ज्या शंकेने पाहतो, त्याच शंकेने हेही पाहावे.

ताण

कापडाखाली पाटीच्या दगडाच्या जाड फरशा असतात. बारा फुटी टेबलास बहुधा पाच. प्रथम कडेच्या रबरी गाद्यांचे बोल्ट खालून सोडवून त्या उतराव्या, जुने कापड व चुका काढाव्या, आणि पाणसळ लावून फरशा समपातळीत आहेत की नाहीत, ते पाहावे. सांधे मेणाने अथवा लुकणाने भरून घासावे व धूळ पूर्णपणे झाडावी. ज्वारीच्या कण्याएवढा खडा खाली राहिला, तरी वर चेंडू उडतो.

नंतर नवे कापड लव वर ठेवून अंथरावे. लवेची दिशा नेहमी, जेथून डाव सुरू होतो त्या टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे असावी. आमच्या सुताराने नेमके उलट केले होते. आडवा, मंद चालणारा चेंडू लवेच्या दिशेने किंचित वाहवतो. अनुभवी खेळाडू ते हिशोबात धरतो, आणि दिशा उलटली की त्याचा सर्व हिशोब चुकतो.

प्रथम सुरुवातीचे टोक ठोकून पक्के करावे. मग दुसऱ्या टोकास दोघांनी सारख्या जोराने, मध्यापासून कोपऱ्यांकडे जात, कापड लांबीत ओढावे. त्यानंतर एक लांब बाजू मधल्या खिशापासून दोन्हीकडे ठोकावी आणि समोरची बाजू ताणून घ्यावी. खिशांपाशी कात्री शेवटी चालवावी, ती बेताने. अधिक कापलेले परत जोडता येत नाही. ताण कमी पडला तर सुरकुत्या येतात. फार झाला तर वीण उघडते व कापड लवकर झिजते. एकीकडे कमी, एकीकडे जास्त झाला तर वीण तिरपी होऊन चेंडू भलतीकडे जातो. गाद्यांवरील कापडही त्याच गठ्ठ्यातील असावे, म्हणजे रंग व चाल जुळते.

शेवटी गाद्या बसवून, सुरुवातीच्या गादीपासून २९ इंचांवर आडवी रेघ आणि तिच्यावर साडेअकरा इंच त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखावे.

निगा

ब्रश नेहमी लवेच्या दिशेनेच फिरवावा, आणि खडूची भुकटी झाडल्यावरच इस्त्री फिरवावी. तीही त्याच दिशेने, बेताची गरम, एके ठिकाणी न थांबविता. लोकर हवेतील ओल शोषून घेते. आमच्याकडे पावसाळ्यात कापड सैल पडते व चेंडू जड चालतो. म्हणून नवे कापड कोरड्या दिवसांत घालावे आणि ठोकण्यापूर्वी एक-दोन दिवस त्याच खोलीत ठेवावे. टेबलावर चहाचा पेला ठेवू देऊ नये, हे सांगण्याची वेळ मात्र आमच्यावर वारंवार येते.

उपसंहार

वार्षिक सभेत मी दोन्ही पावत्या आणि जळालेल्या धाग्याची ती गुठळी सभासदांपुढे ठेवली. पहिल्या कापडाची रक्कम मी पदरची भरली. "आपण फसविले गेलात, तुम्ही कशाला भरता?" असे एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले. मी उत्तरलो की, पैसा मंडळाचा आणि पारख न करण्याचा आळस माझा; दोहोंची खाती निराळी ठेवली पाहिजेत. माझ्यावर कुजबुजणाऱ्यांपैकी दोघे त्यानंतर बोलले, एक अद्याप बोलत नाहीत. पण त्यांचा नातू रोज सायंकाळी टेबलावर येतो, खेळ संपला की न सांगता ब्रश उचलतो, आणि तो योग्य दिशेने फिरवितो. माझ्या मते जमेच्या बाजूस एवढी नोंद पुरेशी आहे.