न्हायचे केव्हा आणि कशाने?

पूर्वी घराघरांत बायांचा न्हाण्याचा वार ठरलेला असे. आदल्या रात्री शिकेकाई भिजत पडे. सकाळी ती उकळली की घरभर वास सुटे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, बाया डोक्यावरून न्हात. एरवी अंगावरून अंघोळ करून वेणीफणी करीत.

आता दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबतात. पोरी रोज केस धुवायला मागतात.

आई म्हणते, "अगं, रोज एवढं पाणी कुठून आणू?"

लेक म्हणते, "रोज नाही धुतले तर केस खराब होतील ना!"

खरे कुणाचे? भांडण्याआधी केस म्हणजे काय, ते समजून घेऊ या.

केसाचे तेल

केस फक्त मुळाशी जिवंत असतो. कातडीबाहेर आलेल्या केसात जीव नसतो. म्हणून तर तो कापताना दुखत नाही. केसाच्या मुळाजवळ बारीक ग्रंथी असतात. त्यांतून तेलासारखा पदार्थ पाझरतो. त्याने कातडी आणि केस मऊ राहतात. पण हे तेल फार साचले की त्याला धूळ चिकटते. घामाची भर पडते. केस चिकट होतात, वास येऊ लागतो.

म्हणजे धुण्याचे काम एवढेच, की साचलेले तेल, घाम आणि धूळ काढायची. सगळे तेल खरवडून काढणे हे धुण्याचे काम नव्हे. तसे केले तर केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात.

आता एकाच घरातल्या तिघी पाहा. आजी सत्तर वर्षांची. उतारवयात तेल कमी पाझरते. तिला आठवड्यातून एकदा न्हाणे पुरते. आईचे केस कुरळे. कुरळ्या केसात मुळाचे तेल टोकापर्यंत लवकर उतरत नाही. तिलाही एकदा-दोनदा पुरे. पण लेक सोळा वर्षांची. वयात येताना तेल जास्त सुटते. तिचे डोके दोन-तीन दिवसांत चिकट होते. तिने आजीइतकेच न्हावे म्हटले तर ते बरोबर नाही. आजीने तिच्यासारखे वरचेवर न्हावे, हेही बरोबर नाही.

काही जण सांगतात, "धुणं कमी करा, म्हणजे डोकं तेल सोडायचंही कमी करील." हे खरे नाही. तेल किती सुटायचे ते वयावर आणि शरीरातल्या रसांवर ठरते. तुम्ही कधी न्हालात, ते त्या ग्रंथींना कळत नाही.

मग केव्हा न्हावे? बोटे केसांत घालून मुळाशी फिरवा. बोटाला चिकट लागले, वास आला, खाज सुटली, तर न्हावे. तसे काही नसेल तर कुणी सांगते म्हणून न्हायला नको. शेतातून धुळीने माखून आलात, तर साध्या पाण्याने डोके खळबळून घ्या. घाम आणि पुष्कळशी धूळ पाण्यानेच जाते. तेल मात्र साध्या पाण्याने जात नाही.

शब्द आपल्याच देशातला

शाम्पू हा शब्द इंग्रजांनी आपल्या देशातून नेला. हिंदीत चाँपना म्हणजे दाबणे, चेपणे. पाटण्याला 1759 साली जन्मलेले दीन मुहंमद नावाचे गृहस्थ पुढे विलायतेला गेले. 1814 च्या सुमारास त्यांनी ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी वाफेच्या अंघोळीचे आणि मालिशचे ठिकाण काढले. त्यांची कीर्ती राजवाड्यापर्यंत पोचली. त्या काळी शाम्पू म्हणजे मालिश, अंग चेपणे. डोके धुणे हा अर्थ मागून आला. बाटली आणि पुडी तर त्याहून मागून.

मूळ काम बोटांचे आहे, हे यातून ध्यानात धरावे. नखांनी न ओरबाडता बोटांच्या पेरांनी मुळाशी चोळले, तर थोड्या द्रव्यातही डोके स्वच्छ होते.

शिकेकाई कशी वापरावी?

शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याचा एक भाग पाण्याला धरतो, दुसरा तेलाला धरतो. म्हणून तेल सुटून पाण्याबरोबर वाहून जाते. शाम्पूतली कारखान्यातली द्रव्येही हेच काम करतात. शाम्पूचा फेस मोठा होतो, शिकेकाईचा लहान. पण फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, असे नाही.

एका वेळेला चार-पाच शिकेकाईच्या शेंगा, दोन-तीन रिठे आणि थोडी आवळकाठी घ्या. रिठ्याची काळी बी काढून टाका. सारे रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी उकळा, निवू द्या, हाताने कुस्करा आणि फडक्याने गाळा. गाळले नाही तर कण केसांत अडकतात. न्हाताना डोळे मिटून घ्या. हे पाणी डोळ्यांना फार झोंबते. गेलेच तर लगेच भरपूर साध्या पाण्याने डोळे धुवा. न्हाल्यावर केस वाळवून मगच अंबाडा घाला. ओला अंबाडा कुबट होतो.

शाम्पू वाईट, असे आम्ही म्हणत नाही. शिकेकाई मिळत नसेल किंवा महाग पडत असेल, तर पुडी वापरा. एक पुडी तांब्याभर पाण्यात कालवा. ती पुरवून वापरता येते. मात्र कपड्यांचा साबण आणि धुण्याचा सोडा डोक्याला लावू नका. त्यांनी केस राठ होतात, कातडीची आग होते. विहिरीचे पाणी जड असेल, तर साबणाचा चिकट साका केसांवर बसतो.

हे मात्र टाळू नका

डोक्यात कोंडा असेल, तर न्हाणे कमी करू नका. डोक्याच्या तेलावर वाढणारी एक सूक्ष्म बुरशी कोंड्याला कारण होते. तेल साचले की कोंडा वाढतो. अशा वेळी वरून तेल थापू नये. कोंड्यासाठी औषधी शाम्पू मिळतो. तो औषध म्हणूनच वापरावा.

उवा स्वच्छ केसांतही होतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्या न्हाण्याने जात नाहीत. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवावी. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहावीत.

मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस गेले, तर डॉक्टरला दाखवा. तो नायटा असला तर नुसते वरून मलम लावून भागत नाही, पोटात औषध घ्यावे लागते.

पाळीच्या दिवसांत केस धुतले की अपाय होतो, हा समज खरा नाही. वारही कोणताही चालतो.

हिशेब करू या

डोके धुवायला 15 लिटरचा एक हंडा जास्त लागतो, असे धरू. पुडी 2 रुपयांची धरू.

रोज न्हाले तर महिन्याला 30 हंडे, म्हणजे 450 लिटर पाणी. पुड्यांचे 60 रुपये.

महिन्यातून 8 वेळा न्हाले तर 8 हंडे, म्हणजे 120 लिटर पाणी. पुड्यांचे 16 रुपये.

एका माणसामागे 22 हंडे आणि 44 रुपये वाचले. आणि जिथे नळ नाही, तिथे हे 22 हंडे कुणाच्या डोक्यावरून आले असते? आईच्याच ना!

म्हणजे वादात आईचे बरेचसे खरे आहे. पण लेकीचे डोके चिकट झाले असेल, तर त्या दिवशी लेकीचे खरे. जाहिरात सांगते तेव्हा न्हाऊ नका. नुसता वार आला म्हणूनही न्हाऊ नका. आपले डोके सांगते तेव्हा न्हा.

सांगा पाहू

1. आजीला आणि लेकीला सारखेच दिवस का चालत नाहीत?
2. कोंडा असताना न्हाणे कमी का करू नये?
3. तुमच्या घरात डोक्यावरून न्हाणारी माणसे किती? महिन्याला किती हंडे लागतात? पाटीवर मांडून दाखवा.