खाचेतून धावणारी गाडी

दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचे ठरले, की माळ्यावरचे सामान खाली उतरवावे लागते. पितळी भांडी, जुन्या गाद्या, सुतळीने बांधलेले दिवाळी अंक आणि त्यांच्यामागे, अगदी कोपऱ्यात, एखादा पुठ्ठ्याचा खोका. काही घरांतल्या अशा खोक्यातून काळ्या रंगाचे, खाचा पाडलेले रस्त्याचे तुकडे निघतात. हातात धरायचे दोन नियंत्रक, एक जड ट्रान्सफॉर्मर आणि अर्ध्या वितीएवढ्या दोन शर्यतीच्या गाड्याही निघतात. घरातील लहान मुले विचारतात, ‘हे काय आहे?’ घरातील साठीचे गृहस्थ उत्तर देण्याऐवजी जमिनीवर बैठक मारतात आणि तुकडे जोडू लागतात.

या खेळाला ‘स्लॉट कार रेसिंग’ म्हणतात. लहानपणी तो केवळ वेगाचा खेळ असतो. बटण दाबायचे, गाडी पळवायची आणि ती वळणावर उडून पडली की हसायचे. तोच खोका चाळीस वर्षांनी उघडला जातो तेव्हा गाडी पळवण्यापेक्षा ती का पळते आणि वळणावर का उडते, हेच अधिक मोलाचे वाटू लागते. जबलपूरसारख्या शहरात तर या दुसऱ्या भेटीला आणखी एक अर्थ येतो, कारण ज्यांनी हयातभर खऱ्या गाड्या बांधल्या असे हात तेथे घरोघरी आहेत.

विजेवर धावणारी खेळण्यातील मोटार तशी जुनी आहे. अमेरिकेतील लायोनेल या खेळण्यातील आगगाड्या बनवणाऱ्या कंपनीने १९१२ मध्येच तसा प्रयोग केला होता. परंतु खेळाला आजचे रूप दिले ते इंग्लंडमधील फ्रेड फ्रान्सिस यांनी. त्यांची मिनिमॉडेल्स ही कंपनी १९५२ पासून ‘स्केलेक्स’ नावाच्या चावीच्या पत्र्याच्या मोटारी विकत असे. चावीची गाडी एकदा सोडली की खेळणाऱ्याच्या हाती काही उरत नाही, ही तिची मोठी उणीव होती. फ्रान्सिस यांनी गाडीत विजेची छोटी मोटर बसवली, रस्त्याला खाच पाडली आणि खाचेच्या दोन्ही बाजूंनी वीज वाहणाऱ्या पट्ट्या बसवल्या. ‘स्केलेक्स’ आणि ‘इलेक्ट्रिक’ यांच्या मिलाफातून झालेले ‘स्केलेक्सट्रिक’ १९५७ मध्ये हॅरोगेट येथील खेळण्यांच्या जत्रेत मांडले गेले. मागणी इतकी आली, की पुढच्याच वर्षी फ्रान्सिस यांनी आपली कंपनी लाइन्स ब्रदर्स या बड्या उत्पादकांना विकून टाकली. १९६० पासून पत्र्याची जागा प्लास्टिकने घेतली. १९६३ मध्ये जर्मनीत ‘कॅरेरा’ आली. अमेरिकेत तर त्या दशकाच्या मध्यास गावोगावी तासाच्या भाड्याने खेळायची शर्यतगृहे उघडली, आणि दशक संपता संपता त्यांतील बहुतेक बंदही झाली.

भारतात ही खेळणी आली ती मुख्यतः परदेशातून परतणाऱ्या मामा-काकांच्या बॅगांतून. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर त्या काळी कडक निर्बंध होते. आयातीवरील परिमाणात्मक निर्बंधांचा शेवटचा मोठा भाग १ एप्रिल २००१ रोजी उठला. त्यामुळे ज्या घरात असा संच होता, तेथे तो खेळण्यापेक्षा जपण्याचीच वस्तू ठरे आणि सुटीच्या दिवशी, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच बाहेर निघे. आज माळ्यावर सापडणारे संच बऱ्याचदा सुस्थितीत असतात, त्याचे श्रेय या धाकालाच द्यावे लागेल!

येथे एक गमतीची नोंद करावीशी वाटते. आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणात खेळण्यातील आगगाडी ९५०३ या शीर्षकाखाली, म्हणजे ‘खेळणी’ या वर्गात येते. स्पर्धेचे स्वरूप असलेले विजेच्या मोटारशर्यतीचे संच मात्र ९५०४ खाली, बिलियर्डसारख्या खेळांच्या पंक्तीत बसतात. ‘या वयात खेळण्यांशी काय खेळता?’ असे कोणी हिणवले, तर हे उत्तर हाताशी ठेवण्यासारखे आहे.

आता या गाडीच्या रचनेकडे वळू. घरगुती गाड्या बहुधा १:३२ या प्रमाणात असतात. चार मीटर लांबीची खरी मोटार या प्रमाणात साडेबारा सेंटिमीटरची होते. गाडीच्या पुढील भागाखाली खाचेत उतरणारी एक पाती असते. तिच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या पट्ट्या असतात. त्या रस्त्यावरील पट्ट्यांवर घासत जातात आणि सुमारे १२ व्होल्टचा प्रवाह मोटरला पुरवतात. सुकाणू खाचेच्या हाती आणि वेग खेळणाऱ्याच्या हाती, अशी ही विभागणी आहे. जुन्या नियंत्रकात विद्युतरोधक तारेचे वेटोळे असते. बटण जितके खोल दाबावे तितकी तार मार्गातून वगळली जाते आणि प्रवाह वाढतो. बटण सोडताच काही नियंत्रकांत दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात. फिरती मोटर मग जनित्र बनते आणि स्वतःच स्वतःला रोखते. विजेच्या रेल्वे इंजिनांतील एका ब्रेकमागेही हेच तत्त्व आहे.

वेगाचे गणित करून पाहावे. मोटर मिनिटाला १८,००० फेरे घेते असे धरू. मोटरच्या दंडावरील चक्राला ९ दाते आणि मागील आसावरील चक्राला २७ दाते असतील, तर आस मिनिटाला ६,००० म्हणजे सेकंदाला १०० फेरे घेईल. चाकाचा व्यास २० मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात गाडी सुमारे ६३ मिलिमीटर पुढे जाईल. म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटर, तासाला जवळजवळ २३ किलोमीटर. भार नसतानाचा हा आकडा असल्याने प्रत्यक्षात वेग कमी भरतो. तरीही १२ फुटी खोलीच्या मानाने तो थोडाथोडका नव्हे.

अडचण वळणावर येते. गाडीला वळवण्यासाठी केंद्राकडे ओढणारे बल लागते. ते मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते, खाचेतील पातीही थोडा आधार देते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर बल चौपट लागते. वळणाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि घर्षणांक १ धरला, तर केवळ घर्षणाच्या आधारावर वळणावर सेकंदाला जेमतेम १.७ मीटर एवढाच वेग सोसतो. सरळ मार्गावरील वेगाच्या हा तिसरा-चौथा हिस्सा झाला. मुले हरतात ती सरळ मार्गावर कमी पडल्यामुळे नव्हे. वळण दिसल्यावर बोट उचलण्याची त्यांना सवय असते, आणि बोट उचलायला हवे ते वळणाच्या हातभर आधी. मोठ्यांचीही पहिल्या दिवशी हीच गत होते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

अलीकडच्या गाड्यांच्या पोटाखाली चुंबक असते. ते रस्त्यातील पोलादी पट्ट्यांकडे ओढले जाते आणि गाडी वळणाला चिकटून राहते. नवशिक्यांना त्याचा आधार वाटतो, पण खेळातील निम्मे कसब त्यामुळे निघून जाते. पुष्कळ जाणकार चुंबक काढून ठेवणेच पसंत करतात आणि ते योग्यच आहे.

माळ्यावरचा संच पुन्हा सुरू करताना सर्वांत आधी ट्रान्सफॉर्मर पाहावा. त्याच्या तारेचे वेष्टन तडकले असेल, वास येत असेल किंवा तो लगेच तापत असेल, तर मोह न धरता तो बाजूला ठेवावा. २३० व्होल्टच्या बाबतीत आठवणींची भीड चालत नाही. त्याच व्होल्टतेचा आणि पुरेशा अँपिअरचा नवा पुरवठादार संच बाजारात मिळतो. त्यानंतर रस्त्याच्या पट्ट्या. जबलपूरला पावसाळ्यात हवा दमट असते आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दमटपणाने पट्ट्यांवर गंज चढतो आणि उष्म्याने प्लास्टिकचे तुकडे वाकतात. गंज काढण्यास खरखरीत कागद वापरू नये, त्याने ओरखडे पडून पुढचा गंज लवकर धरतो. खोडरबर किंवा अगदी बारीक पॉलिशचा कागद पुरतो. वाकलेले तुकडे सपाट प्लायवर स्क्रूने बसवावेत. आठ फूट गुणिले चार फूट हा प्लायचा नेहमीचा तक्ता घरगुती मार्गाला अगदी बेताचा बसतो.

रबरी टायर कडक झालेले असल्यास गाडी बर्फावरून घसरल्यासारखी जाते. त्यांवर काही उपाय करण्यापेक्षा ते बदललेले बरे. तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर त्या विंचरून मोकळ्या कराव्यात. आसाच्या बुशांना सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब द्यावा. मोटरच्या आतील ब्रशांना मात्र तेल लागू देऊ नये. एवढे करूनही गाडी मार्गाच्या दूरच्या टोकाला मंदावत असेल, तर दोष गाडीचा नसतो. प्रत्येक जोडावर थोडा विद्युतदाब कमी होतो. अशा वेळी पुरवठ्यापासून जाड तारेची एक जोडी मार्गाखालून त्या टोकापर्यंत नेऊन जोडावी.

हे सारे वाचून एखाद्या निवृत्त फिटरला हसू येईल, कारण हे त्याचे रोजचेच काम होते. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. ‘शक्तिमान’ या लष्करी ट्रकची बांधणी तेथे १९५९ मध्ये, जर्मनीच्या ‘मान’ कंपनीशी झालेल्या करारानुसार सुरू झाली. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. आयुध कारखान्यांची १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात कंपन्यांत पुनर्रचना झाली, तेव्हा ती आर्मर्ड व्हेईकल्स निगममध्ये गेली. या शहराने देशाला आणखी एक गाडी दिली, ती ‘जोंगा’. नाव ऐकून आफ्रिकेतील एखादे गाव वाटावे! प्रत्यक्षात ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी ते बनले आहे. जपानच्या निस्सान कंपनीच्या गाडीवर बेतलेली ही दणकट लष्करी मोटार १९९९ पर्यंत तयार होत होती.

खेळण्यांच्या दुकानात फेरारी मिळते, पोर्शे मिळते. जोंगा हवी तर ती स्वतःच बनवावी लागते, आणि येथे बालपणीचा खेळ दुसऱ्या वळणावर येतो. मोठेपणी हा छंद पुन्हा हाती घेणारे बहुतेक जण काही महिन्यांत शर्यतीकडून बांधणीकडे वळतात. तयार सांगाडा, मोटर आणि चाके घ्यायची आणि वरचे कवच पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून, चिकटवून, घासून उभे करायचे. आता थ्रीडी प्रिंटरचीही सोय झाली आहे, परंतु कानशीने कोपरा काढण्यातली मजा त्यात नाही. खऱ्या गाडीचे प्रत्येक माप ३२ ने भागायचे. वजनाचे गणित मात्र वेगळे. लांबी ३२ पटींनी घटली की आकारमान ३२ च्या घनाने, म्हणजे ३२,७६८ पटींनी घटते. दोन टनांचे वाहन या हिशेबाने ६१ ग्रॅमचे व्हावे. बाजारातील गाड्यांचे वजनही साधारण याच्या आसपास किंवा थोडे अधिक असते.

कोणाला हा वेडेपणा वाटत असेल तर त्याने पुण्यास जावे. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वेंचे संग्रहालय आहे. लहान आगगाड्यांच्या छंदापायी त्यांनी आधी फिरते प्रदर्शन उभारले, आणि १ एप्रिल १९९८ पासून कायमची मांडणी लोकांसाठी खुली झाली. सिग्नल, पूल, दिवे, गाड्या, सारे चालते-बोलते आहे. रूळ आणि खाच ही तशी सख्खी भावंडेच. जबलपूर-नैनपूर ही छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली. तिचे डबे पुढे कोणाला दाखवायचे झाले तर संग्रहालये आणि असे छंदिष्टच कामी येतील. जोंगाचेही तेच आहे. कारखान्यातील आराखडे कारखान्यात राहतात. पण दार कसे बंद होई, मागची बाकडी कोठे होती, बॉनेटची धार कोठे मोडे, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे ती पिढी आता सत्तरीच्या घरात आहे.

अशी जोंगा मार्गावर उतरवताना एक पेच येतोच. शर्यतीची गाडी बुटकी असते, जोंगा उंच. घसरण्यापूर्वीच ती वळणावर आडवी होते. दोन चाकांमधील अंतर ४४ मिलिमीटर असेल आणि घर्षणांक १ धरला, तर गुरुत्वमध्य रस्त्यापासून २२ मिलिमीटरच्या खाली आणावा लागतो. त्यासाठी छप्पर जितके पातळ करता येईल तितके करायचे आणि सांगाड्याच्या तळाशी शिशाच्या पट्ट्या चिकटवायच्या. एक पट्टी पुढे, पातीच्या मागोमाग. दुसरी मागील आसाच्या पुढे. मग गाडी सोडून पाहायची, पट्टी दोन मिलिमीटर सरकवायची आणि पुन्हा सोडायची. शेजारच्या खाचेतील नातवाची फेरारी तोवर तीन फेऱ्या पुढे गेलेली असते.